ऑपरेशनची तारीख दिलीत, मधल्या दिवसांचं काय?

प्रति,
मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता,
आठही जिल्ह्यांचे जिल्हा शल्यचिकित्सक,
आणि मुंबईत बसून आमच्यासाठी योजना आखणारा सार्वजनिक आरोग्य विभाग

स. न. वि. वि.

मी परभणी जिल्ह्यातला निवृत्त पी.टी.चा मास्तर. एकतीस वर्षं एका गावच्या शाळेत शिट्टी वाजवली, पोरांना खो-खो शिकवला, पंधरा ऑगस्टला कवायत घेतली. वैद्यकीय शिक्षण शून्य. तरी लिहितोय, कारण शरीर कसं कमावतात आणि कसं जातं एवढं मला कळतं, आणि गेल्या वर्षी माझ्याच घरात ते जाताना मी मेजरटेप लावून बघितलं.

थोरल्या भावाला आम्ही दादा म्हणतो. वय सहासष्ट, कोरडवाहू शेती, माळकरी. दरवर्षी ज्येष्ठात पंढरपूरला पायी. माळ घातली तेव्हा मटण सुटलं, बिडी सुटली नाही. आमच्याकडे बऱ्याच माळकऱ्यांचं असं असतं, त्यावर कुणी कीर्तन करत नाही. त्या वर्षी वारीहून आला तो खोकला घेऊनच. श्रावणात एक्स-रेत डाग दिसला. बेडका तपासला, जंतू सापडले नाहीत, तरी तालुक्याच्या एका डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. छातीत डाग दिसला की आधी टीबी धरायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. टीबी खरोखरच गावोगाव आहे, म्हणून त्या डॉक्टरांवर मी फार राग धरत नाही. पण त्यात दसरा आला. मग सीटी, मग बायोप्सी, मग पेट स्कॅनसाठी मोठ्या शहरात हेलपाटे. दिवाळीच्या तोंडावर कळलं: उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात कॅन्सरची गाठ. पसरलेली नाही, काढता येईल.

काढता येईल हे ऐकून वहिनीने तिथेच पदर डोळ्याला लावला. फुफ्फुसाचा कॅन्सर आपल्याकडे बहुतेकांचा कळतो तो पसरल्यावर, ऑपरेशनची वेळ टळून गेल्यावर. आमचं नशीब म्हणायचं. सहा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. केसपेपरवर ती तारीख, भूलतज्ज्ञांना कधी भेटायचं ते, रक्त देणारे दोघं आणायची सूचना, आणि शेवटी तोंडी एक वाक्य: "घरी जा, आराम करा, जड काम करू नका."

हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे.

आमच्या गावात आराम म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. ओसरीत बाज टाकली. दादा त्या बाजेवर. अंघोळीचं पाणी बाजेपाशी, जेवण बाजेपाशी, लघवीला जायचं तर एक पोरगं धरायला. आखाड्यावर, म्हणजे शेतावर, जायचं म्हणाला की वहिनी ओरडायची, "डॉक्टरनं काय सांगितलं?" तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतंच तसं. पाहुणे यायला लागले. येताना ग्लुकोजची बिस्किटं, सफरचंदं, शहाळी. डाळ वातूळ म्हणून बंद. दह्याने कफ होतो म्हणून दही बंद. शेंगदाण्याने खोकला लागतो म्हणून तेही बंद. उरलं काय? साबुदाण्याची पेज, तांदळाची कांजी, चहा आणि ती बिस्किटं. त्यात दोन्ही एकादश्या.

आठ-दहा दिवसांनी अशक्तपणा वाटतो म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं. सलाईनवर लोकांची फार श्रद्धा आहे, म्हणून एक हिशोब मांडतो. साखरेच्या पाण्याची अर्ध्या लिटरची साधी बाटली असते, पाच टक्केवाली. तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे फार तर शंभर कॅलरी, ज्वारीच्या अर्ध्या भाकरीएवढ्या. प्रथिनं शून्य. त्या अर्ध्या भाकरीचे तीनशे रुपये मोजले आणि वर माणूस दोन तास आडवा.

वारीच्या आधी दादाचं वजन ६३ किलो होतं. गाठ कळली तेव्हा ५८. तारीख जवळ आली तेव्हा ५४. जाणकार सांगतात, सहा महिन्यांत मनात नसताना वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर कॅन्सर शरीर खातोय असं समजावं. ६३ किलोच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे सव्वातीन किलोसुद्धा होत नाहीत. ही रेघ दादाने तारीख मिळण्याआधीच ओलांडली होती. दर भेटीत वजन झालं, केसपेपरवर लिहिलंही गेलं. पण मागच्या आकड्याशी ते कुणी ताडून बघितलं नाही.

ठरल्या दिवशी आम्ही रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने निघालो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी पुढे आमच्यासाठी जे केलं त्याची जाण आहे, आणि हा दोष एकट्या त्यांचा नाही. भूलतज्ज्ञ मॅडमनी दादाला जिना चढायला सांगितलं. पहिला मजला झाला. दुसऱ्याच्या अर्ध्यावर कठडा धरून तो खाली बसला. ओठ पांढरे. मॅडमनी बोटाला लावलेल्या यंत्राकडे बघितलं, सर्जनना फोन केला आणि आम्हाला सांगितलं, "फिटनेस नाही. चार आठवड्यांनी या."

जूनमध्ये शेकडो किलोमीटर चाललेला माणूस डिसेंबरात दीड मजल्यावर थांबला. त्याच्या छातीतली गाठ तेवढ्यात काही दुप्पट झाली नव्हती. पाय गेले होते.

घरी येऊन मी काय काय वाचलं, मुलीने मोबाइलवर काढून दिलं, त्यातलं थोडं इथे घालतो. आपल्याला हे माहीत असणारच. पण आमच्यासारख्या नातेवाइकांनीही हे पत्र वाचावं असं मला वाटतं.

स्नायू असे झिजतात त्याला सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतल्या आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली हे नाव दिलं, ग्रीक शब्दांवरून. अर्थ काढला तर मांसाची गरिबी. वयाने ती सगळ्यांनाच येते. कॅन्सर तिला घाई करतो: गाठीमुळे अंगात सतत एक जळजळ चालू राहते, भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही आणि शरीर स्वतःचंच मांस मोडून वापरायला लागतं. यात बाजेची भर पडली की विचारू नका. २००७ साली अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवून बघितलं होतं. त्यांच्या पायांतून जवळजवळ किलोभर मांस गेलं. आजार काही नव्हता, फक्त पडून राहणं. आमचा दादा आजारी, उपाशी, आणि सहा आठवडे पडून.

मांस दंडा-मांड्यांतूनच जातं असंही नाही. श्वासाचा पडदा हा स्नायूच. बरगड्यांमधले स्नायू, खोकताना आवळतं ते पोट, सगळं त्यातच आलं. फुफ्फुसाच्या ऑपरेशनमध्ये एका बाजूचं फुफ्फुस मिटवून ठेवतात आणि तेवढा वेळ दुसऱ्या एकट्यावर काम चालतं. नंतर छातीत नळी, टाक्यांचं दुखणं, आणि त्या दुखण्यात खोकून कफ बाहेर काढायचा. खोकायला बळ नसेल तर कफ आत साठतो, फुफ्फुसाचा तेवढा भाग मिटतो, न्यूमोनिया होतो. चांगलं ऑपरेशन झालेला माणूस अशा वेळी अतिदक्षता विभागात अडकतो. जुने सर्जन रोग्याला घेऊन जिना चढायचे ते याचसाठी: तीन मजले न थांबता चढला तर फुफ्फुसाचा एक भाग काढायला हरकत नाही, पाच चढला तर अख्खं फुफ्फुस. आता सायकलवर बसवून, तोंडाला मुखवटा लावून अंग किती प्राणवायू वापरतं ते मोजतात. यंत्र बदललं, प्रश्न तोच.

मग माझा साधा सवाल आहे. ज्या परीक्षेत नापास झाल्यावर ऑपरेशन पुढे जातं, तिचा अभ्यासक्रम सहा आठवडे आधी का देत नाही? शाळेत मी असं केलं असतं तर हेडमास्तरांनी मेमो दिला असता.

आम्हाला अभ्यासक्रम मिळाला तो योगायोगाने. फिटनेस नाही म्हटल्यावर आम्ही ओपीडीच्या मागच्या व्हरांड्यात डबा उघडून बसलो होतो. शेजारीच फिजिओथेरपीची खोली. तिथे गुडघ्याचे आणि लकव्याचे रोगी. छातीच्या ऑपरेशनआधी कुणाला तिथे पाठवत असतील असं वाटत नव्हतं, आम्हाला तरी कुणी पाठवलं नव्हतं. तिथली एक तरुण मुलगी, इंटर्न असावी, पाणी प्यायला बाहेर आली. दादाच्या पायांकडे बघून तिने विचारलं, "बाबा, कशाचं ऑपरेशन?" मी सांगितलं. तिने दादाला आत नेलं, बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला लावले आणि म्हणाली, "पाच वेळा उठा-बसा, लवकर लवकर." माझा हात सवयीने खिशातल्या स्टॉपवॉचकडे गेला. १७ सेकंद. ती म्हणाली, १२ च्या आत हवेत. मग तिने मेजरटेपने पोटरी मोजली, जिथे सगळ्यात जाड तिथे. साडेतीस सेंटीमीटर. आशियातल्या लोकांसाठी २०१९ साली तज्ज्ञांनी जे निकष ठरवले त्यात पुरुषाची पोटरी ३४ च्या खाली आणि बाईची ३३ च्या खाली गेली तर पुढे तपासावं असं आहे. टेप नसेल तर जपानात एक सोपी रीत आहे, दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जुळवून पोटरीभोवती कडं करायचं. कडं सैल बसलं, मध्ये फट राहिली, तर स्नायू गेले. मी ते दादाच्या पायावर करून बघितलं. माझी बोटं एकमेकांवर चढली.

त्या मुलीने केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनने सात-आठ ओळी लिहिल्या. सगळं मिळून वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांची पावती कुठल्याच खिडकीवर फाडली गेली नाही.

पुढचे चार आठवडे मी पुन्हा नोकरीवर रुजू झालो असं समजा. शाळेच्या मैदानावर दोन विटा तीस मीटरवर ठेवल्या. सहा मिनिटांत दादा किती चालतो ते पहिल्या दिवशी मोजलं, ३१० मीटर, मध्ये दोनदा थांबून. सकाळी ऊन चढायच्या आत एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा चालायचं, सुरुवात दहा मिनिटांनी. किती जोरात? त्या मुलीने सांगितलं होतं, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. दादासाठी मी ते असं केलं: चालता चालता माझ्याशी बोलायचं, पण अभंग म्हणता आला तर पाय उचलायचे. पहिल्या आठवड्यात त्याला "ज्ञानोबा" एवढंच निघायचं. तिसऱ्या आठवड्यात लबाडी करून हळू चालायचा आणि अख्खा अभंग म्हणून दाखवायचा. मग मी शिट्टी वाजवायचो.

चालण्याबरोबर खुर्चीवरून उठ-बस, आठ-आठची तीन आवर्तनं. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं. पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन दंडांचा व्यायाम. उशी छातीशी धरून खोकायचा सराव, म्हणजे टाके पडल्यावर नवं काही शिकायला नको. आणि ते तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र. हे यंत्र बहुतेकांना ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मेडिकलवरून आणायला सांगतात. दादाने ते हातात घेतलं आणि फुंकलं. सगळेच फुंकतात. फुग्यासारखं दिसतं, माणूस फुंकणारच. त्यात हवा ओढायची असते, सावकाश, चेंडू वर धरून ठेवायचे असतात. हे कळायला त्याला दोन दिवस लागले. ऑपरेशननंतर गुंगीत आणि दुखण्यात कळायला किती लागले असते कोण जाणे.

वहिनी पहिले चार दिवस माझ्याशी बोलली नाही. दादाही वैतागायचा. "आरं, मी काय पोलीस भरतीला चाललो का?" असं ओरडायचा. एकदा उठ-बशीत दम लागून बसला तेव्हा मलाही भीती वाटली. म्हणूनच सांगतो, हे मास्तरच्या अंदाजाने व्हायला नको होतं. थुंकीतून रक्त येणारे, बसल्या जागी धाप लागणारे, हृदयाचे, हाडात कॅन्सर उतरलेले रोगी असतात. कुणाला काय झेपेल ते डॉक्टरांनी आधी बघितलं पाहिजे. माझ्यापाशी त्या मुलीचा फोन होता म्हणून निभावलं.

खाण्याचं मात्र मी घरातच युद्ध केलं. किलोला सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं, असं तिने लिहून दिलं होतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारायचं, हेही. चोपन्न किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला सत्तरच्या आसपास. दादा अंडं खाणार नाही, माळ आहे. मी त्याला माळ काढ म्हणणारा माणूस नाही. पण माळकऱ्याचं जेवण म्हणजे साबुदाणा हे कुठल्या पोथीत लिहिलंय? दोन पेले दूध, १३ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण, १४. मूठभर फुटाणे, ६. मूठभर शेंगदाणे, कूट करून, ७. ज्वारीच्या दोन भाकरी, १४. आणि सोयाबीनच्या वड्या, कोरड्या तीस ग्रॅम, भिजवून रश्श्यात, १५. झाले की एकोणसत्तर. लातूरच्या बाजारात सोयाबीन आणि तुरीचे ढीग लागतात, आमच्या तालुक्याचा मालही तिकडेच जातो, आणि आमचा आजारी माणूस बिस्किटं चघळतो. एकादशीला दूध, दही, शेंगदाण्याची आमटी आणि राजगिरा. उपवासही मोडला नाही. भूक नव्हतीच, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं, आणि चालून आल्यावर लगेच काहीतरी.

बिडी सुटायला सगळ्यात जास्त त्रास झाला. ऑपरेशनच्या निदान चार आठवडे आधी सोडली तर फायदा, असं फुफ्फुसाचे सर्जन सांगतात. तारीख पहिल्यांदा मिळाली त्याच दिवशी कुणी खडसावून सांगितलं असतं तर दादाचे दहा आठवडे बिनबिडीचे गेले असते. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवायची सरकारी फुकट लाइन आहे, ती मला एका पुडीवरच्या बारीक अक्षरांत सापडली. रुग्णालयाच्या भिंतीवर नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी पाच उठ-बशांना साडेअकरा सेकंद. सहा मिनिटांत ४०२ मीटर, न थांबता. वजन दीड किलोने वर. पोटरी जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढली, तीही टेपची चूक असेल. याचं मला नवल नाही: पोरांनाही पहिल्या महिन्यात दंड फुगत नाहीत, आहे ते मांस आधी कामाला लागतं. पण मॅडमनी जिना चढवला तेव्हा दादा तीन मजले चढला आणि वर जाऊन त्यांनाच म्हणाला, "अजून हाय का?"

ऑपरेशन झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं, ऑपरेशनचा पैसा खिशातून गेला नाही, हे मुद्दाम लिहितो. शिव्या देताना जे मिळालं ते विसरायचं, असं माझ्याच्याने होत नाही. दुसऱ्या दिवशी नळीचा डबा हातात धरून दादा वॉर्डात चालला. त्याच्या शेजारच्या खाटेवर हिंगोलीकडची एक बाई होती, चाळिशीची. आयुष्यात बिडीला हात नाही, जन्म चुलीपुढे गेला. ऑपरेशनआधी तीन केमो झाल्या होत्या, दर तीन आठवड्यांनी एक. हल्ली बऱ्याच जणांना अशा आधी देतात, म्हणजे वाट बघण्याचे दिवस आणखी लांबतात आणि केमोने अंग आणखी उतरतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी बाई ती, तिचं अंग आधीच किती होतं? तिला कफ काढता येईना. चौथ्या दिवशी तिला आयसीयूत हलवलं. पुढचं मला माहीत नाही, आम्हाला सुट्टी मिळाली.

दादा बैठकांमुळे वाचला असं मी म्हणत नाही. त्याची गाठ लवकर सापडली, सर्जनचा हात चांगला होता. पण हे एका मास्तरचं वेड नाही एवढं तरी मान्य करा. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी व्यायाम करून घेतल्याचे प्रयोग जगभर झाले. २०२२ साली कॉक्रेन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने असे दहा अभ्यास, ६३६ रोगी, एकत्र तपासले. व्यायाम केलेल्यांना ऑपरेशननंतर फुफ्फुसाचे उपद्रव निम्म्याच्या आसपास आले आणि ते साधारण दोन दिवस आधी घरी गेले. अभ्यास लहान आहेत, मोठे व्हायला हवेत, हे खरं. पण दोन दिवस आधी रिकामी झालेली खाट आपल्या वॉर्डात काय मोलाची असते ते मी आपल्याला सांगायचं का? आणि यासाठी ऑपरेशन पुढे ढकला असंही कुणी म्हणत नाही. दोन ते चार आठवडे पुरतात, आणि तेवढी वाट तर आमचा माणूस तसाही बघतोच.

तेव्हा मागणं असं आहे. ज्या टेबलावर ऑपरेशनची तारीख मिळते त्याच टेबलावर तीन गोष्टी मोजा: मागच्या वजनाशी ताडून वजन, पाच उठ-बशांचे सेकंद आणि पोटरी. एक खुर्ची, एक घड्याळ, एक टेप. टेंडर काढावं लागणार नाही. तारखेचा कागद घेऊन रोगी आधी फिजिओथेरपीच्या खोलीत जाईल आणि तिथला शिक्का असल्याशिवाय घरी जाणार नाही, असा नियम करा. त्या कागदाची मागची बाजू मराठीत छापा, आमच्या जेवणातले पदार्थ लिहून. भाकरी, वरण, फुटाणे, सोयाबीन. ब्रोकोली नको. "आराम करा" हे शब्द निवासी डॉक्टरांच्या तोंडून काढून टाका. त्यांना वाटतं आपण दया दाखवतोय.

आणि घरी गेल्यावर कुणी विचारणारं हवं. प्रत्येक उपकेंद्रात वजनकाटा आहे, गावात आशाताई आहे, बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. आठवड्याला एकदा वजन आणि उठ-बशा मोजून रुग्णालयाला कळवणं त्यांना जमेल. मात्र आशाताईंवर आधीच किती रजिस्टरं आहेत ते मला दिसतं, तेव्हा हे फुकटात त्यांच्या डोक्यावर टाकू नका. मोबदला ठेवा. योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशनआधीच्या या तयारीचे पैसे धरा, म्हणजे रुग्णालयालाही त्या व्हरांड्यामागच्या खोलीची आठवण राहील.

पोषणाच्या पैशांबद्दल एक गोष्ट सांगून थांबतो. टीबीच्या रोग्याला खाण्यासाठी केंद्र सरकार निक्षय पोषण योजनेतून पैसे देतं, २०१८ पासून महिन्याला ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १०००. फार चांगली योजना. दादाला टीबी नव्हता, पण गोळ्या चालू झाल्यावर त्याचं नाव चढलं आणि खात्यात हप्ता पडला. मग कॅन्सर निघाला, टीबीच्या यादीतून नाव कमी झालं, पैसे थांबले. अंग खऱ्या अर्थाने उतरायला लागलं ते त्यानंतर. वहिनी अजून विचारते, "भावजी, मोठा आजार निघाल्यावर पैसे बंद कसे झाले?" मला उत्तर देता आलं नाही. आपल्यापैकी कुणी दिलं तर तिला वाचून दाखवीन.

यंदा ज्येष्ठात दादा पंढरपूरला निघायचं म्हणतोय. डॉक्टरांनी अख्खी वाट चालायला नाही म्हटलंय, शेवटचे दोन मुक्काम चालला तर चालेल. सध्या रोज सकाळी मैदानावर विटांमध्ये फेऱ्या मारतो. अभंग म्हणत, म्हणजे हळूच.

आपला,
एक निवृत्त पी.टी. मास्तर, जिल्हा परभणी

सोबत: केसपेपरच्या मागच्या बाजूची झेरॉक्स, एक पान. निळं पेन फिकट उमटलंय, पण वाचता येतं.